दुकान विकलं, पण फोन कुणाचा?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना जिथं अडखळलो ते काढून टाकलं, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

गेल्या वर्षीची गोष्ट. चैत्रातली आमच्या गावची यात्रा. गाव सांगली जिल्ह्यात, विट्याच्या जवळ. पंगत बसली होती आणि तात्यांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा, फोन वाजला. तात्या हात धुऊन ओसरीवर गेले आणि तमिळमध्ये बोलायला लागले. पाचेक मिनिटांनी परत येऊन पानावर बसले. काकूनं विचारलं, "कोण?" तात्या म्हणाले, "सराफ. माल घेऊन येऊ का विचारत होता."

आता यात गंमत अशी की तात्यांनी तमिळनाडूतलं गलाईचं दुकान २०१९ मध्ये विकलंय. पाच वर्षं झाली होती. पैसे मिळाले, गावात घर बांधलं, थोडी जमीन घेतली. तरी सराफाचा फोन तात्यांनाच.

समोर तात्यांचा मुलगा, माझा चुलत भाऊ बसला होता. मी त्याला दादा म्हणतो. तो एवढंच बोलला, "बघा. आणि मी सांगतो ते तुम्हाला पटत नाही."

दादा काय सांगत होता? त्याला त्याच गावात, त्याच सराफ बाजारात, जुन्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून स्वतःचं दुकान टाकायचं होतं. तात्या नको म्हणत होते. आणि घरात शिकलेला म्हणून सौद्याचा स्टॅम्प पेपर माझ्या हातात आला. "तू इंजिनियर हाईस, वाचून सांग यात काय लिहिलंय." मी पुण्यात कोड लिहितो, वकिली नाही करत. पण कागद वाचला, आणि तिथून जो इतिहासात शिरलो तो आजचा हा एपिसोड.

आधी गलाई म्हणजे काय ते सांगतो, कारण सांगली-साताऱ्याच्या बाहेरच्या श्रोत्यांना हे माहीत नसतं. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि तिकडं साताऱ्याचे माण, खटाव हे तालुके पावसाच्या सावलीत येतात. शेतीवर पोट भरेना म्हणून इथली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात गेली आणि देशभर पसरली. जुने दागिने, सराफाकडची मोड मुशीत वितळवायची, तेजाबानं शुद्ध करायची, टंच काढायचा, आणि शुद्ध सोनं परत द्यायचं. शुद्ध करताना त्यात मुद्दाम चांदी मिसळतात, सोनं साधारण चौथा हिस्सा उरेल इतकी. मग नायट्रिक ॲसिड चांदी आणि तांबं खाऊन टाकतं, सोनं तळाशी राहतं. हे कुणीही शिकेल. अवघड गोष्ट वेगळी आहे. परमुलखातला सराफ आपलं सोनं एका परक्या, वेगळ्या भाषेच्या माणसाच्या आगीत टाकायला का देईल? तो त्या माणसाला ओळखतो म्हणून. बास. भट्टी, काटा, मुशी यांची किंमत दुकानाच्या किमतीत चिल्लर असते.

म्हणून तात्यांनी दुकान विकलं तेव्हा घेणाऱ्यानं खरं तर काय विकत घेतलं, हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच होता. घेणारा साताऱ्याकडचा, माण तालुक्यातला. तात्या त्याच्याबरोबर दीड महिना राहिले. रोज सकाळी दोघं बाजारात जायचे, एकेका पेढीवर चहा प्यायचे, तात्या सांगायचे की आता इथून पुढं हा. आमच्या आयटीत याला केटी म्हणतात, नॉलेज ट्रान्सफर. फरक एवढाच की आमच्याकडं नोकरी सोडणारा नोटीस पिरियडमध्ये मनापासून केटी देत नाही. तात्यांनी दिली. फक्त एक गोष्ट राहिली. दुकानाच्या पाटीवर, पावत्यांवर जो मोबाईल नंबर छापला होता, तो तात्यांच्या खिशातच राहिला. कागदात भट्टी होती, काटा होता, तिजोरी होती, दोन पंखेसुद्धा होते. सिम कार्ड नव्हतं.

आता मागं जाऊ. तीनशे वर्षं मागं.

आपल्याकडं पूर्वी धंदा विकायचे का? विकायचे, पण त्याला धंदा म्हणत नव्हते, वतन किंवा वृत्ती म्हणायचे. पाटीलकी, कुलकर्ण, जोशीपण, सुतारकी, न्हावकी, कुंभारकी. गावात हे काम करायचा आणि त्याचा मोबदला घ्यायचा वंशपरंपरागत हक्क. तो गहाण पडायचा, वाटण्यांत अर्धा-पाव व्हायचा आणि विकलाही जायचा. दुष्काळ पडला, सरकारी बाकी तुंबली, दंड बसला की पाटील आपली अर्धी पाटीलकी विकून मोकळा व्हायचा. अशा विक्रीचे कागद आज आपल्याला वाचायला मिळतात यात सातारा जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली छापला, तो वाईत मिळालेल्या कागदांवरून. पहिल्या खंडात राजकारणच आहे, पानिपत वगैरे. पण पुढच्या खंडांत वतनाच्या भांडणांचे, खरेदीखतांचे, महजरांचे कागद ढिगानं आहेत. लढायांच्या नादात आपण ते ओलांडून पुढं जातो. मी पण गेलो होतो.

हे कागद वाचताना मला पहिली गोष्ट जाणवली ती अशी की विकणाऱ्याचं काम पैसे मोजून घेतल्यावर संपत नाही. खरं तर तिथं सुरू होतं. तो लिहून देतो की हे वतन तू लेकराचे लेकरी खा. आणि त्याच दमात लिहून देतो की माझा कुणी भाऊबंद, कुणी नातलग पुढं उभा राहिला, हक्क सांगायला लागला, तर त्याला मी वारीन. म्हणजे त्याला दूर करायची जबाबदारी विकणाऱ्याची. घेणाऱ्यानं कोर्टकचेऱ्या करत बसायचं नाही. हा भाऊबंद शब्द लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

का लिहायचे असं? कारण धोका कुठून येतो हे त्यांना चांगलं माहीत होतं. परका माणूस येऊन सांगत नाही की ही पाटीलकी माझी. ते सांगतो चुलत भाऊ, जो दहा वर्षं परागंदा होता आणि आता पाऊसपाणी बरं झाल्यावर परत आलाय. त्याचं म्हणणं एकच असतं, विकली त्यानं, मी कुठं विकली?

दुसरी गोष्ट साक्षीदारांची. विक्री दोघांत होत नव्हती. गोत जमायचं, आजूबाजूच्या गावचे पाटील, शेटे, बलुतेदार. कागदावर सगळ्यांची नावं. सही करता येत नसेल तर निशाणी. पाटील नांगर काढायचा आणि बलुतेदार आपापल्या अवजाराचं चित्र. मी पहिल्यांदा असा कागद पाहिला तेव्हा मला इमोजी आठवले, खोटं कशाला बोलू. पण त्या नांगराचा अर्थ असा की उद्या विकणारा उलटला तर पंधरा गावची माणसं सांगायला आहेत. तात्या दीड महिना एकेका पेढीवर चहा पीत हिंडले ते तरी दुसरं काय होतं?

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडलेली. अर्धी पाटीलकी विकली तर घेणारा विकणाऱ्याचा भाऊ व्हायचा. कित्येक कागदांत तसा भाऊपणा मानलेला आहे. मग मानपान वाटायचे. होळीची पोळी आधी कुणाची, पोळ्याला पहिला बैल कुणाचा, विडा आधी कुणाच्या हातात. आज आपल्याला हसू येतं, पण धंदा विकल्यावर दोघांना त्याच गावात राहायचं असेल तर भांडण नेमकं अशाच गोष्टींवरून होतं. रकमेवरून होत नाही. रक्कम कागदावर असते. इनामाच्या सनदांतही हीच खबरदारी दिसते. जमीन द्यायची तर जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप असं सगळं मोजून द्यायचं. निधी, निक्षेप म्हणजे जमिनीखाली पुरलेलं धनसुद्धा. उद्या सापडलंच तर कुणाचं, हे आजच ठरवून टाकायचं. त्यांनी जमिनीखालचा हंडा लिहिला आणि आम्ही खिशातलं सिम कार्ड विसरलो.

इथं थांबलो असतो तर हा एपिसोड 'आपले पूर्वज किती शहाणे' छाप झाला असता. तसं नाहीये. कारण या व्यवस्थेत एक माणूस पूर्ण गायब आहे. गिऱ्हाईक.

जोशीपणाचंच बघा. गावची जोशीवृत्ती ज्याच्याकडं, त्यानंच गावातली लग्नं लावायची. तुम्ही दुसरा भटजी बोलावला तरी दक्षिणेवर हक्क वतनदार जोशाचा. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनीही हा हक्क मानला आणि असे दावे चालत राहिले. म्हणजे वृत्ती विकत घेणाऱ्याला संपूर्ण खात्री होती, कारण त्यानं अख्खं गावच विकत घेतलं होतं. गिऱ्हाईक सोडून जाणार कुठं? याच्या विरोधात उभे राहिले ते सत्यशोधक. १८७३ मध्ये समाज स्थापन झाला आणि भटजीशिवाय लग्नं लागायला लागली. जुन्नरजवळच्या ओतूरला अशी लग्नं झाल्यावर तिथल्या जोशांनी दावा लावला, की लग्न आम्ही लावलं नाही हे ठीक, पण आमचा हक्क द्या. प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. पुढं विसाव्या शतकात सातारा जिल्हा या चळवळीचा गड झाला. रावबहादूर सीताराम केशव बोले मुंबईच्या कायदेमंडळात जोशी वतनाविरुद्ध झगडले आणि १९२६ साली कायद्यानं तो बांधीव हक्क मोडला. तेव्हा गुडविल पक्कं हवं असेल तर एक सोपा उपाय आहे, गिऱ्हाइकाचे पाय बांधा. आपल्याकडं शेकडो वर्षं तो केला गेला.

आता १८७२ सालात येऊ. हे वर्ष या विषयात सारखं भेटतं.

सातारचं राज्य १८४८ मध्ये डलहौसीनं दत्तक नामंजूर करून खालसा केलं होतं. त्यामुळं १ सप्टेंबर १८७२ ला इंडियन कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट लागू झाला तो साताऱ्यात थेट लागू झाला. शेजारी सांगली मात्र पटवर्धनांचं संस्थान. चिंतामणराव आप्पासाहेब मिरजेतून वेगळे होऊन १८०१ च्या सुमारास सांगलीत आले आणि त्यांनी गाव वसवलं, पेठा वाढवल्या. संस्थानात ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा आपोआप लागू होत नव्हता, दरबार काय मानेल ते. सांगली मुंबई प्रांतात विलीन झाली १९४८ च्या मार्चमध्ये. तेव्हा साताऱ्याचा व्यापारी आणि सांगलीचा व्यापारी एकमेकांना दुकान विकत असतील तर दोघांच्या पायाखाली वेगवेगळे कायदे होते.

त्या १८७२ च्या कायद्याचं कलम २७ म्हणतं की कुणालाही त्याचा कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द. सही असली, साक्षीदार असले, पैसे घेतले असले तरी रद्द. वतनाच्या जगातून आलेल्या माणसाला हे किती विचित्र वाटलं असेल! दोनच वर्षांनी कलकत्त्यात याची परीक्षा झाली. तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दोन दुकानदार. एकानं दुसऱ्याला सांगितलं, या भागातलं तुझं दुकान बंद कर, तू कारागिरांना दिलेली उचल मी भरतो. त्यानं दुकान बंद केलं. पहिल्यानं पैसे दिले नाहीत. चीफ जस्टिस काउच यांनी निकाल दिला की मुळात करारच रद्द, कारण तो धंदा करण्यापासून रोखतो, मग तो शहराच्या एका भागापुरता का असेना. म्हणजे ज्यानं शब्द पाळला तो बुडाला आणि ज्यानं मोडला तो सुटला. कायदा म्हणून निकाल बरोबर असेल. मला तो आजही टोचतो.

पण याच कलमाला एक अपवाद जोडलेला आहे आणि तो बरोबर आपल्या विषयाचा आहे. धंद्याचं गुडविल विकणारा माणूस घेणाऱ्याला लिहून देऊ शकतो की ठरावीक हद्दीत मी असाच धंदा करणार नाही. तो घेणारा, किंवा त्याच्याकडून पुढं गुडविल घेणारा, तिथं तो धंदा करतोय तोवर. फक्त हद्द कोर्टाला वाजवी वाटली पाहिजे. चहाची टपरी विकून 'अख्ख्या महाराष्ट्रात चहा विकणार नाही' असं लिहून घेता येणार नाही.

इथं एक गोष्ट आयटीवाल्या श्रोत्यांसाठी. हे कलम न्यूयॉर्कचे वकील डेव्हिड डडली फील्ड यांच्या मसुद्यातून आलंय. न्यूयॉर्कनं त्यांची ती दिवाणी संहिता कधीच स्वीकारली नाही. पण ती इतरत्र रुजली, त्यात कॅलिफोर्नियाही आलं, आणि तिच्यातलं हे कलम हिंदुस्थानात पोचलं. कॅलिफोर्नियाची संहिताही १८७२ चीच. सिलिकॉन व्हॅलीत इंजिनियर एक कंपनी सोडून समोरच्या कंपनीत जातो आणि जुनी कंपनी त्याला अडवू शकत नाही, ते याच ओळीमुळं. तुमच्या ऑफर लेटरमध्ये 'सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धकाकडे जाणार नाही' अशी ओळ असेल तर कलम २७ एकदा वाचा. नोकराला असं बांधता येत नाही, दुकान विकणाऱ्याला येतं, कारण त्यानं त्याचे पैसे घेतलेले असतात.

बरं, विकणाऱ्यानं असं काही लिहूनच दिलं नसेल तर? यावर इंग्लंडमध्ये शंभर वर्षं घोळ चालू होता. १८१० मध्ये लॉर्ड एल्डन यांनी, तेही मालवाहतुकीच्या गाड्यांच्या धंद्यातल्या एका भांडणात, गुडविल म्हणजे काय ते सांगितलं. जुनी गिऱ्हाइकं जुन्याच जागी येत राहतील ही शक्यता, त्यापलीकडं फार काही नाही. नंतर १८७२ मध्ये, पुन्हा तेच वर्ष, लीड्सजवळच्या किर्कस्टॉलमधल्या एका बियरच्या कारखान्याचं प्रकरण आलं. विकणाऱ्यांपैकी एकानं स्वतःचा नवा कारखाना काढला आणि जुन्या गिऱ्हाइकांना बोलवायला लागला. कोर्टानं सांगितलं, कारखाना काढ, पण जुन्या गिऱ्हाइकांकडं जाऊन मागू नकोस. बारा वर्षांनी दुसऱ्या कोर्टानं हे मत उलटवलं. शेवटी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये ट्रेगो विरुद्ध हंट हा खटला आला, १८९६ च्या रिपोर्टांत तो सापडतो. वॉर्निशचा धंदा. करारात गुडविल ट्रेगोबाईंचं. भागीदार हंट याची मुदत संपत आलेली. तर हंटसाहेबांनी काय करावं? एका कारकुनाला पैसे देऊन, कामाच्या वेळेनंतर बसवून, फर्मच्या सगळ्या गिऱ्हाइकांची नावं आणि पत्ते उतरवून घ्यायला लावले.

हे वाचताना मी मोठ्यानं हसलो. कारण दादाच्या फोनमध्ये त्या बाजारातल्या सगळ्या सराफांचे नंबर आहेत. दिवाळीला त्यांना तमिळमध्ये मेसेज जातो.

लॉर्ड्सनी हंटला अडवलं. धंदा कर, जाहिरात कर, शेजारी कर. पण जे विकलंस ते मागल्या दारानं परत नेऊ नकोस. आपल्या १९३२ च्या भागीदारी कायद्यात, कलम ५५ मध्ये हेच उतरलंय. भागीदारी मोडल्यावर गुडविल विकलं तर जुना भागीदार स्पर्धेत उतरू शकतो, पण वेगळं ठरलं नसेल तर जुनं नाव वापरायचं नाही, तोच धंदा आपण चालवतोय असं भासवायचं नाही, आणि जुन्या गिऱ्हाइकांना गळ घालायची नाही. गिऱ्हाईक आपणहून आलं तर ती त्याची मर्जी. गिऱ्हाइकाचे पाय मोकळे, विकणाऱ्याचे पाय मोकळे, फक्त विकणाऱ्याची जीभ बांधलेली. ओतूरच्या जोशांपेक्षा हे कितीतरी बरं.

पैशांची एक बाजू पटकन सांगतो, कारण ती आमच्या घरी प्रत्यक्ष घडली. जीएसटी कायद्याच्या कलम ८५ प्रमाणे धंदा हस्तांतरित झाला की त्या दिवसापर्यंतचा कर, व्याज, दंड याला विकणारा आणि घेणारा दोघंही जबाबदार. २०२१ मध्ये तात्यांच्या वेळच्या एका रिटर्नची नोटीस आली, ती गेली दुकानाच्या पत्त्यावर. नव्या मालकानं फोटो काढून तात्यांना पाठवला, खाली काही लिहिलं नाही. तात्यांनी त्याच आठवड्यात पैसे भरले. मी म्हटलं, निम्मे तरी मागायचे. तात्या म्हणाले, "चूक कुणाची? मग?"

आणि दुकानातली पोरं. गलाईच्या दुकानात गावाकडचीच पोरं कामाला असतात. सौदा झाला तेव्हा तात्यांकडं तिघं होते. त्यांचं काय? इथं आपल्याच भागातली एक मोठी गोष्ट आहे. बार्शी लाइट रेल्वे, मिरजेपासून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत लातूरला जाणारी छोटी गाडी, खाजगी कंपनीची. १ जानेवारी १९५४ ला सरकारनं ती घेतली. कंपनीनं आदल्या दिवशी सगळ्या कामगारांची नोकरी संपवली. बहुतेकांना सरकारनं परत घेतलं, पण काहींना नाही, आणि काहींना अटी बदलून. कामगारांनी भरपाई मागितली. सुप्रीम कोर्टानं १९५६ मध्ये सांगितलं की मालकानं धंदाच दिला असेल तर ही कायद्यातली कामगार कपात ठरत नाही, भरपाई नाही. यावर इतका गलका झाला की १९५७ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यातलं कलम २५ एफएफ नव्यानं लिहावं लागलं. धंदा दुसऱ्याकडं गेला तर कामगाराला भरपाई, नाहीतर नव्या मालकाकडं त्याच अटींवर, मागची नोकरी धरून, काम. मिरज स्टेशनवर उभं राहून हे कुणाला आठवत नाही. तीन पोरांच्या दुकानात कायदा काढून कुणी बसत नाही, पण तात्यांनी नव्या मालकाला तिघांची उचल किती आणि पगार किती ते एका वहीच्या पानावर लिहून दिलं होतं. त्यातला एक आजही तिथं भट्टीवर आहे.

आता आमचा स्टॅम्प पेपर. दोन पानी, टाइप केलेला, मराठीत. त्यात एक ओळ आहे की लिहून देणार सदर शहरात सदर व्यवसाय करणार नाहीत. लिहून देणार म्हणजे तात्या. एकटे. हद्द एका शहराची, घेणारा अजून धंदा करतोय, तेव्हा कलम २७ च्या अपवादात हे बसतं असं मला वाटलं. विट्यातल्या एका ओळखीच्या वकिलांनाही दाखवलं. ते म्हणाले, तात्या बांधलेले आहेत, दादा नाही. त्याची सही नाही. फक्त तात्यांनीच पैसे घालून पोराच्या नावानं दुकान काढलं तर कोर्ट त्यातलं सोंग ओळखू शकतं.

यात्रेनंतर चौथ्या दिवशी मी हे दोघांना बसवून सांगितलं. दादा खूश झाला. मग त्याचं जे म्हणणं होतं ते त्यानं पहिल्यांदा नीट मांडलं, आणि ते मला उडवून लावता येत नाही. तो सहा वर्षांचा असल्यापासून त्या गावात वाढला. शाळा तिथं. मित्र तिथं. इथं गावात तो पाहुणा आहे, मराठी बोलतानासुद्धा मध्येच अडतो. त्याला दुसरं काम येत नाही. "दुकान तुम्ही विकलं, तात्या. मला विचारलंत? माझं पोट पण त्यात टाकून दिलंत." कलम २७ लिहिणाऱ्यानं हे ऐकलं असतं तर मान डोलावली असती.

तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कागदात माझंच नाव हाय, खरंय. पण त्या माणसानं घर गहाण टाकून पैसं दिलं ते माझ्या एकट्याचं तोंड बघून नव्हं. माझ्यामागं माझा पोरगा उद्या येणार नाही, हे मी तोंडानं बोललोय त्याला."

भाऊबंदाला वारीन. राजवाड्यांचा एकही खंड तात्यांनी उघडलेला नाही.

पुढं काय झालं ते सांगतो. मे महिन्यात तात्या आणि दादा दोघंही तमिळनाडूला गेले. तात्या नव्या मालकाच्या दुकानात गेले आणि दादाचा बेत त्याला स्वतःहून सांगितला. तो माणूस म्हणे पाच मिनिटं काटाच पुसत राहिला. शेवटी तिघांत असं ठरलं की दादानं तिथून साठ-सत्तर किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात दुकान टाकायचं, आणि तिथल्या दोन पेढ्यांवर ओळख करून द्यायला नव्या मालकानं स्वतः जायचं. हे कुठं लिहिलेलं नाही. मी लिहून घ्या म्हटलं, कुणी ऐकलं नाही.

दादा जूनमध्ये तिकडं गेला. अजून जम बसलेला नाही. यंदाच्या यात्रेला आला नाही, आणि तात्यांशी तो काकूमार्फतच बोलतो.

आणि सिम. ते नव्या मालकाच्या नावावर करायला दोघं मोबाईलच्या दुकानात गेले, आधार, फोटो, अंगठा, सगळं झालं. आता जुने सराफ फोन करतात तो बरोबर जागी जातो. गेल्या महिन्यात मी गावी होतो तेव्हा तात्या दोनदा फोन हातात घेऊन बघताना दिसले. काकू म्हणाली, "वाजला नाही हो. वाजला असता तर मी ऐकलं असतं."